कर्ट लिंडालच्या पायाखाली

पेनरांच्या अंगणातली बोअर श्वास घ्यायची. आता ही काही फेकाफेक नाही, आमच्या कॅन्ससच्या या पश्चिम टोकाला कित्येक बोअर घेतात, हवा जड झाली की जमीन ती आत ओढते आणि वादळ यायचं असलं, हवा हलकी झाली, की बाहेर सोडते, शाळेतलं पोरसुद्धा सांगेल तुम्हाला. पण पेनरांच्या बोअरला शिट्टी होती. ऑर्व्हलने, म्हणजे घरातल्या म्हाताऱ्याने, तरुणपणी भंगारातल्या वाफेच्या मळणीयंत्राची पितळी शिट्टी उपसून आणली आणि बोअरच्या हवेच्या नळीवर बसवली, तेव्हापासून ती बोअर बोलायची. आत घेताना बारीक, चुलीवरच्या किटलीसारखी. बाहेर सोडताना मात्र खालच्या पट्टीत, गाय हंबरते तशी, फक्त गायीला कुठेतरी थांबायचं कळतं.

ट्वायला, म्हणजे सून, एल्डनची बायको, तालुक्याच्या गावातून आलेली. तिला ती शिट्टी कधीच आवडली नाही. कपडे वाळत घालताना मागे कुणीतरी उभं आहे असं वाटायचं तिला. एल्डन हसायचा. म्हणायचा, "अगं, रेडिओपेक्षा बरी. रेडिओ हवामान चुकवतो, ही नाही चुकवत."

आणि एक नियम होता घरात. घरच्या बोअरचं तोंड, पंपाच्या नळ्या, टाकी, सगळं थंडीत गोठू नये म्हणून जमिनीखाली खड्ड्यात असतं आमच्याकडे, दीड माणूस खोल, वर लोखंडी झाकण, आत शिडी. हवेची नळी त्या झाकणाच्या बाजूला वर आलेली. तर नियम असा, की शिट्टी हंबरत असेल तेव्हा खड्ड्यात उतरायचं नाही. उतरायचंच असलं तर आधी दोरीने पेटता कंदील खाली सोडायचा. कारण खालून जी हवा येते ती जुनी हवा असते, तिच्यात ज्योत जगत नाही, माणूस तर नाहीच नाही. ऑर्व्हलने हे एल्डनला शिकवलेलं, मग सून आल्यावर ट्वायलालाही, तिने मान डोलावली होती आणि विसरून गेली होती, कारण शिट्टी होतीच ना सांगायला.

त्या साली मे महिन्यानंतर पाऊसच आला नाही. मक्याच्या मोठ्या बोअर अख्खा उन्हाळा चालू, चाकांवरच्या त्या लांबलचक नळ्या शेतात गोल गोल फिरत होत्या, आणि इकडे घरच्या नळाला वाळू यायला लागली. आधी चिमूटभर. मग ट्वायलाच्या धुण्यात, मग भाताच्या पातेल्यात, मग ऑर्व्हलच्या कवळीखाली. नळ उघडला की आधी खोकायचा, मग थुंकायचा, मग पाणी.

सप्टेंबरात ड्वाइट उन्रू आला. शेजारी, म्हणजे शेजार आमच्याकडे दोन मैलांवर असतो. एल्डन हार्वेस्टरच्या पोटात घुसून साखळी घट्ट करत होता, नुसते पाय बाहेर. ड्वाइट त्या पायांशीच बोलायला लागला.

"सगळे तयार झालेत रे. केन बंधू, म्हातारी फास्ट, सगळे. पाच वर्षं, प्रत्येकाने पाचवा हिस्सा पाणी कमी उपसायचं. आपण आपलं ठरवायचं. पण एक जरी नाही म्हणाला तरी बाकीचे करणार नाहीत, हे तुला माहितीये. तूच राहिलायस."

"पाना दे. तो नाही, छोटा."

ड्वाइटने पाना दिला. "ऐकतोयस ना?"

"लिंडाल म्हणतो, निवडून आलो तर पाण्याला कुणाला हात लावू देणार नाही," हार्वेस्टरच्या आतून आवाज आला.

"कर्ट लिंडालला मत मीही देणार आहे, गड्या. माझ्या ट्रकवर त्याचा स्टिकर तुझ्याआधी लागला. पण हा हात वॉशिंग्टनचा नाहीये. आपलाच आहे."

"मका एवढासा झाला तर डबे घेऊन तुझ्या दारात येऊ का?"

"ये की. माझ्या नळाला पण वाळूच येते, वाढतो तुला वाटीभर."

एल्डन बाहेर आला, तोंडावर ग्रीस, पण हसला. ट्वायला चिंध्या घेऊन उभी होती. तिला वाटलं, आता हो म्हणेल. तो म्हणाला, "निवडणूक होऊ दे. मग बघू." ड्वाइट गेला, आणि एल्डन हात पुसत तिला म्हणाला, "माझ्या आजाने खणलेली बोअर आहे. ती आटत नसते."

स्वयंपाकघराच्या खिडकीशी ऑर्व्हल बसलेला असायचा. झटका आल्यापासून त्याची डावी बाजू गेलेली, शब्द एकेक करून बाहेर यायचे, जसं कुणी विहिरीतून बादल्या काढतंय. बाहेर शिट्टी बारीक वाजत होती. तो म्हणाला, "लांबलाय."

"काय लांबलाय, डॅड?" ट्वायलाने विचारलं.

"श्वास. माझा बाप. दूध काढायला बसायचा. बादली भरेपर्यंत. संपायचा." बराच वेळ गेला. "आता दिवस. दिवस घेते."

ट्वायलाने त्याची हनुवटी पुसली. मग नळ उघडून तिने वाळू बसायची वाट बघितली आणि बटाटे धुतले.

ऑक्टोबरात लिंडालच्या प्रचारातली मुलगी आली, ब्रिन तिचं नाव, पायात कोरे करकरीत बूट. वॉशिंग्टनला जायच्या जागेसाठी लिंडाल उभा होता आणि समोर पूर्वेकडच्या शहरातली एक शिक्षिका होती, तिचं नाव आमच्याकडे कुणाला धड पाठ नव्हतं. म्हणजे निकाल सगळ्यांना माहीतच होता. पण ब्रिनला जाहिरातीसाठी जागा हवी होती, खरं अंगण, खरी बोअर, मागे मक्याची कोठी. ती अंगणभर फिरली, लोखंडी झाकणापाशी थांबली आणि म्हणाली, "इथे. साहेब इथेच उभे राहतील. पाण्यावर उभे राहून पाण्याबद्दल बोलतील." एल्डनची छाती दोन इंच फुगली असेल.

"फक्त तो आवाज कसला?"

"बोअर आहे," ट्वायला म्हणाली.

"बंद करता येतो?"

एल्डनने क्षणभर घराच्या खिडकीकडे बघितलं. खिडकीत म्हातारा. मग त्याने मोठा पाना आणला आणि शिट्टी काढली. जुनी होती, आटे गंजलेले, काढताना किंचाळली. नळीचं तोंड उघडं पडलं तर त्यातून नुसती हवा, हूऽऽ करून, ती ब्रिनच्या आवाज टिपायच्या यंत्रात जास्तच ऐकू यायला लागली. मग एल्डनने प्रचाराचा फुकट मिळालेला लाल टी-शर्ट घेतला, पांढऱ्या अक्षरात लिंडाल लिहिलेला, पिळून त्याचा बोळा केला आणि नळीत ठोकून बसवला.

अंगण गप्प झालं.

ट्वायलाला आधी कळलंच नाही काय झालं ते. मग खांदे खाली आले तिचे. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिला तिच्याच दाराचं बिजागर ऐकू आलं.

शनिवारी अर्धा तालुका जमला. ट्वायलाने आदल्या दिवसापासून बिरॉक भाजले होते, आमच्याकडे जर्मन म्हाताऱ्यांपासून चालत आलेले, आत कोबी आणि गाईचा खिमा भरलेले पाव, आणि लिंडालने दोन खाल्ले, उभ्याने, बोटं चाटत. म्हणाला, "ताई, माझी आजी असेच करायची, पण तिला हे सांगू नका, तुमचे जास्त चांगले झालेत." माणूस वाईट नव्हता, उगाच कशाला म्हणायचं. तो सरळ ऑर्व्हलच्या खुर्चीशी गेला, गुडघ्यावर बसला, म्हाताऱ्याचा चालणारा हात कुठला ते बघून तोच हातात घेतला. "काका, तुमच्यासारख्यांनी हा मुलूख उभा केला." ऑर्व्हल म्हणाला, "शिट्टी." लिंडालने हसून मान हलवली आणि उठला.

मग तो झाकणावर चढून उभा राहिला आणि बोलला. तुमच्या जमिनीखालचं पाणी तुमचं आहे. त्यावर मीटर लावायला वॉशिंग्टनमधून कुणी येईल तर त्याने आधी मला ओलांडावं. टाळ्या. बाप गेला म्हणून पोरावर कर, हे पाप आहे आणि मी ते पुसून टाकीन. टाळ्या. घराला दार असतं तसं सीमेला दार असलं पाहिजे, आणि दाराला कडी. बंदूक तुमच्या आजाची, ती तुमच्या नातवापर्यंत जाईल. न जन्मलेल्या लेकराचा आवाज मी होईन. इथे टाळ्या नव्हत्या, टोप्या काढल्या लोकांनी, आणि ट्वायलानेही मान खाली घातली, कारण तिला ते मनापासून पटत होतं.

मान खाली घातली म्हणून तिला दिसलं.

त्या दिवशी वारा नव्हता. कोठीवरचा झेंडा ओल्या फडक्यासारखा लोंबत होता. लोकांचे कपडे, बायकांचे केस, सगळं जागच्या जागी. आणि लिंडालच्या विजारीचे पाय फडफडत होते. फक्त घोट्यापाशी. जसं कुणी झाकणाखाली झोपून, ओठ फटीला लावून, हळूहळू फुंकतंय.

ती बघत राहिली. विजार फुगायची, बसायची नाही, फुगलेलीच राहायची. पेनरांचा कुत्रा दहा पावलं लांब उभा होता, पुढचा एक पाय वर धरून, आणि त्याच्याकडे कुणी बघत नव्हतं. लिंडालने भाषणाच्या शेवटी झाकणावर टाच आपटली, "हे तुमचं," आणि खालून ठणऽऽ असा आवाज आला, रिकाम्या टाकीला मारल्यासारखा, जरा जास्तच वेळ राहिलेला. लोकांना तो आवडला. काहींनी शिट्ट्या मारल्या.

रात्री ट्वायला एल्डनला म्हणाली, "तो बोळा काढून टाक."

"ज्वारी कापून झाली की बसवतो शिट्टी. आटे साफ करायला लागतील." आणि तिने पुढे काही म्हटलं नाही. खरं सांगायचं तर तिला ती शांतता हवी होती. तीच खरी गोष्ट आहे.

पुढचे दिवस ज्वारीच्या कापणीत गेले. आमच्याकडे ज्वारी बिनपाण्याची, उशिराची, तांबडी, बुटकी, गुडघ्याच्या वर फारशी नाही. एल्डन पहाटे निघायचा, अंगभर कोंडा घेऊन यायचा, मानेवर पुरळ उठलेलं. ट्वायला ट्रक भरून धान्याच्या कोठारावर न्यायची आणि आणायची. घरी म्हातारा रोज विचारायचा.

"शिट्टी?"

"कापणी झाली की, डॅड."

"शिट्टी कुठे?"

"एल्डनच्या हत्यारांच्या पेटीत आहे. जेवा तुम्ही."

तो जेवायचा नाही. तो कान देऊन बसायचा, तोंड उघडं ठेवून, कप धरलेला हात हवेत.

एक दिवस अंगण झाडताना ट्वायलाला झाकणाच्या कडेने बेडूक दिसले. पाच-सहा असतील, झाकणाच्या गोलाला धरून ओळीने बसलेले, कुठे लागलेलं नाही, खरचटलेलं नाही, डोळे उघडे. तिने झाडूने ढकलला एक, तो तसाच बसलेल्या अवस्थेत घसरला. मग तिने नीट ऐकलं. त्या खड्ड्यात कायम रातकिडे असायचे, हिवाळ्यातसुद्धा, आत ऊब असते म्हणून. आत काहीही नव्हतं. तिने बेडूक फावड्यावर घेतले, कुंपणापलीकडे टाकले आणि एल्डनला सांगायचं ठरवलं, पण तो आला तो इतका दमलेला, की बूट न काढता बसल्या जागी झोपला.

मतदानाचा दिवस असा उजाडला की नोव्हेंबर वाटेना. गरम, पिवळट. आभाळ कसं, जुन्या चहाच्या डागासारखं. दक्षिणेचा वारा सुटणार सुटणार म्हणत सुटत नव्हता. रेडिओवर सांगत होते, संध्याकाळी थंडीची लाट, त्याआधी हवेचा दाब खूप खाली. एल्डन सकाळीच मत देऊन शेतात गेला. ट्वायला ऑर्व्हलला गाडीत घालून वस्तीच्या सभागृहात घेऊन गेली, म्हाताऱ्याचा हात धरला, त्याने स्वतः गोल काळा केला, कागदाबाहेर जाऊन. तिनेही लिंडालचाच केला. बाहेर ड्वाइट भेटला.

"गुरुवारी चर्चच्या तळघरात बैठक आहे. एल्डनला आण. नुसता आणलास तरी पुरे, बोलायचं मी बघतो."

"आणते. पण तो माझं कधी ऐकतो?"

"त्याने लग्न केलं ना तुझ्याशी. एकदा तरी ऐकलंय."

घरी येऊन तिने पीठ भिजवायला घेतलं, रात्री लिंडालच्या विजयाच्या जेवणाला न्यायला बिरॉक. नळ उघडला. तो खोकला. थुंकला. मग एक लांब, कोरडा उसासा टाकला आणि थांबला. हात पिठात तसेच. तिने फोन लावला, एल्डन म्हणाला, "पंप अडकला असेल वाळूने. येतो."

तो हार्वेस्टरच घेऊन अंगणात आला, खाली उडी मारली, दोन कड्या काढून झाकण उघडलं. ती खिडकीतून बघत होती. ऑर्व्हलही. झाकण उघडलं तेव्हा एल्डनची टोपी उडाली. वरच्या वाऱ्याने नाही, खालून. त्याने ती हवेतच पकडली, घातली, आणि उतरला.

ऑर्व्हलने कप टाकला. कप फुटला आणि म्हातारा टेबलावर मूठ आपटायला लागला, एकच, धड असलेली, आणि तोंडातून शब्द निघेना, नुसता घशातला आवाज, आणि तो आवाज, देवाशपथ सांगतो, शिट्टीचा होता. बाहेर सोडतानाचा. खालच्या पट्टीतला.

ट्वायला पिठाच्या हातांनी धावली.

"एल्डन?"

खड्ड्याच्या कडेशी ती गुडघ्यावर बसली. चेहऱ्यावर खालून हवा येत होती, कोमट, कसलाही वास नसलेली. वास नाही हेच भयंकर होतं, मातीचासुद्धा नाही. खाली तो टाकीला टेकून बसला होता, पाय पसरून, दमून सावलीला बसल्यासारखा. पाना मांडीवर. डोळे त्या बेडकांसारखे.

तिचा एक पाय शिडीवर गेलासुद्धा. मग तिला नियम आठवला, तो सगळाच्या सगळा आठवला, ऑर्व्हलच्या त्या जुन्या, धड आवाजात. खाली उतरलेल्याला काढायला जो उतरतो तो दुसरा मुडदा असतो. तिने पाय काढून घेतला. त्या पायाची मला नेहमी आठवण येते, ती स्वतः सांगायची की तो पाय वर घेण्याइतकं जड काम तिने जन्मात केलं नाही.

हार्वेस्टरच्या पायरीवर ब्लोअर होता. पाचोळा उडवतात तो, आमच्याकडे कापणीत रोज त्याने यंत्रावरचा कोंडा झाडतात, नाहीतर पेटतं. तिने तो ओढला, दोरी खेचली, एकदा, दोनदा, हात पिठाने निसटत होते, तिसऱ्यांदा चालू झाला. पोटावर पडली आणि तो खड्ड्यात लोंबता धरला, तोंड त्याच्याकडे, आणि वरची हवा खाली मारली. कोंडा, धूळ, सगळं उडालं, डोळ्यांत गेलं. खालून ती दुसरी हवा येतच होती. दोन्ही हवा तिच्या तोंडावर भांडत होत्या.

मागे काहीतरी घासत येत होतं. ऑर्व्हल. त्याची चालायची चौकट कुठेतरी पडली होती आणि तो कोपराने, एका गुडघ्याने, अंगणातून स्वतःला ओढत येत होता. तो खड्ड्याकडे आला नाही. नळीकडे गेला. लाल टी-शर्टला दातांनी धरला आणि डोकं मागे टाकलं.

बोळा निघाला. निघाला म्हणजे फेकला गेला. टी-शर्ट नळीच्या तोंडावर उघडला, फुगला, छाती, पोट, दोन बाह्या, आत माणूस असल्यासारखा उभा राहिला क्षणभर, लिंडाल लिहिलेला, आणि मग उडून कुंपणाच्या तारेवर जाऊन बसला. आणि नळीतून श्वास सुटला. शिट्टी नव्हती, तरी ती हंबरली.

खाली पाना पडल्याचा आवाज आला.

"एल्डन. शिडी धर." ती ओरडली नाही, ताटावर बोलावतात तसं बोलली. "धर म्हणते ना. डाव्या हाताला आहे. धर."

त्याने धरली. एक पायरी चढला, ओकला, दुसरी चढला. कॉलर हाताला आली तशी तिने दोन्ही हातांनी ओढलं आणि म्हाताऱ्याने त्याच्या शर्टात बोटं अडकवून नुसतं स्वतःचं वजन मागे टाकलं. तिघेही उताणे पडले. वर ते चहाच्या डागाचं आभाळ. एल्डनचे ओठ जांभळे, मिशीत पीठ.

तालुक्याच्या दवाखान्यात त्याच्या नाकाला नळी लावून बसवलं. डोकं फुटतंय म्हणत होता, बाकी ठीक. सात वाजले, मतदान संपलं, आणि खोलीतल्या टीव्हीवर पाच मिनिटांत सांगितलं की पश्चिमेची जागा कर्ट लिंडालने जिंकली, मोठ्या फरकाने. लोक नाचताना दाखवले, फुगे दाखवले. लिंडाल म्हणत होता, मी जे बोललो त्यातला शब्दही बदलणार नाही. मग बातमीतच त्याची ती जाहिरात परत दाखवली.

ट्वायलाचं स्वतःचं अंगण. मक्याची कोठी, लोंबता झेंडा, आणि झाकणावर उभा लिंडाल. तुमच्या जमिनीखालचं पाणी तुमचं आहे. नर्स औषध मोजत होती, तिने मान वर केली.

"तुमच्याकडे गाई आहेत?"

"नाहीत," ट्वायला म्हणाली.

"मग मागे कोण हंबरतंय?"

नळी बुजवलेली होती तेव्हा. शिट्टी पेटीत होती. तरी होता तो आवाज, लिंडालच्या आवाजाच्या खाली, पाणी, कर, सीमा, बंदूक, लेकरू, प्रत्येक शब्दाच्या खाली तोच एक, न तुटता. आणि घोट्यापाशी विजार फडफडत होती. एल्डन नाकातली नळी धरून पुढे वाकून बघत होता.

"खाली पण तोच होता," तो म्हणाला.

"काय?"

"मी बसलो ना टाकीला टेकून. झोप आली, छान वाटत होतं. आणि ऐकू येत होतं. आपल्या अंगणापुरतं नाही, ट्वायला. ड्वाइटच्या शेताखालून येत होतं. त्याच्या पलीकडून. खोली असते ना रिकामी, सामान काढलेली, तिच्यात कुणी बोललं की कसं वाटतं, तसं. पण या खोलीला भिंतच नव्हती. आजाच्या वेळी बादली भरेपर्यंत संपायचा श्वास. डॅड सांगतोय आपल्याला कधीपासून. पाणी होतं तिथे आता हवा आहे, म्हणून श्वास मोठा झालाय. आपल्याला वाटायचं, काय मस्त वाजते आपली बोअर."

ट्वायलाने त्याच्या मिशीतलं वाळलेलं पीठ नखाने काढलं.

थंडीची लाट त्याच रात्री आली. बुधवारी एल्डनने, डोकं दुखत असताना, आटे घासले आणि शिट्टी बसवली. ड्वाइट पंप बघायला आला, हातात पेटता कंदील घेऊन. पंप बिघडलेला नव्हताच. पाणीच खाली गेलं होतं. त्यांनी पंप आणखी खाली सोडला, नळीला जेवढी लांबी होती तेवढा, आणि नळाला पुन्हा पाणी आलं, वाळूसकट. आता याच्या खाली सोडायला जागा नव्हती. खाली खडक होता.

गुरुवारी चर्चच्या तळघरात घड्या घालायच्या खुर्च्या, कॉफीचा मोठा पिंप, म्हातारी फास्ट विणत बसलेली. केन बंधूंतला धाकटा म्हणाला, "या या, टीव्हीवरचे लोक आले. सही द्या."

"तुला येते का वाचता?" एल्डन म्हणाला आणि मागच्या रांगेत बसला.

ड्वाइट बराच वेळ बोलला, त्याला बोलायची हौस. पाच वर्षं, पाचवा हिस्सा, सगळे किंवा कुणीच नाही. शेवटी त्याने हात वर करायला सांगितले. एकेक वर गेला. म्हातारीने विणकामाची सुई वर केली. मग सगळे मागे वळले.

एल्डन आपल्या हातांकडे बघत होता. दोन नखं काळी पडलेली, शिडीच्या पायरीत चेपलेली. त्याने हात वर केला.

"आणि लिंडालला काय सांगशील?" धाकटा केन म्हणाला. "तो म्हणेल, माझ्याच माणसाने माझी लाज काढली."

"तोच म्हणाला ना, माझ्या जमिनीखालचं पाणी माझं, मीच ठरवणार. मग ठरवलं." हात अजून वरच होता. "मत मी परत त्यालाच देईन. पण त्याला सांगा, पुढच्या वेळी उभा राहशील तेव्हा जरा खाली वाकून बघ."

म्हातारी फास्टने सुई खाली घेतली आणि पुढचा टाका घातला.

ते घरी आले तेव्हा थंडी कडक झाली होती, आभाळ स्वच्छ, हवा जड. शिट्टी बारीक वाजत होती, आत घेत होती. ट्वायला झाकणाजवळून गेली, पहिल्यांदाच थांबली, आणि नळीवर हात धरला. हात ओढला गेला, बोट धरून लेकरू ओढतं तसा.

शुक्रवारी न्याहारीला ती वाजतच होती. एल्डन अंडी खाता खाता थांबायचा, परत खायचा. शनिवारी ट्वायलाने चादरी धुतल्या, वाळत घातल्या, काढल्या, वाजतच होती. रविवारी चर्चला जाऊन आले. म्हातारा खिडकीशी, नवीन कप हवेत धरून बसलेला.

"संपला का हो, डॅड?" तिने विचारलं.

ऑर्व्हलने बोट वर केलं, थांब म्हणून. तिघेही जेवण सोडून बसले, चावणंसुद्धा थांबवून, की आता थांबेल, आता. खिडकीच्या काचेवर धुकं आलं होतं. कुंपणाच्या तारेवर तो लाल टी-शर्ट अजून अडकला होता आणि त्याच्या दोन्ही बाह्या, वारा नसताना, बोअरच्या दिशेने ताणल्या होत्या.

"नाही," ऑर्व्हल म्हणाला. "अजून जागा आहे."